अहिंसेचा गळ

शब्दांच्या बाबतींत सुशिक्षित मनुष्य अशिक्षितापेक्षां लवकर फसतो, असें आमचें पुष्कळ दिवसांचें मत आहे. अशिक्षित मनुष्यास एखादें कृत्य वाईट वाटलें तर तो तें सोडून देतो, किंवा वाईट म्हणून जाणूनही करीत राहतो. सुशिक्षितास तिसरी एक वाट ठाऊक असते. तो कृत्य जसेंच्या तसें ठेवतो आणि त्याचें नांव तेवढें बदलतो. 'लांच' गेली व 'भेट' आली, 'हुंडा' गेला व 'मुलीच्या हौसेचें देणें' आलें, हा अनुभव आपल्या घरांतलाच आहे. ह्याच जातीचा एक नवा शब्दप्रयोग गेल्या वर्षीं इंग्लंडांत आमच्या कानीं पडला, आणि तो उच्चारणारा गृहस्थ आपल्यांतलाच एक सज्जन असल्यामुळें त्याचा विचार येथें करणें आम्हांस अवश्य वाटतें. तो प्रयोग म्हणजे 'अहिंसक मासेमारी.'

आमचे एक जुने स्नेही (त्यांना आम्ही नुसतें डॉक्टर म्हणूं) तीस वर्षें इंग्लंडांत वैद्यकी करून आतां निवृत्त झाले आहेत, व मध्य इंग्लंडांतील एका 'फ्लाय फिशिंग' क्लबाचे सभासद आहेत. आंकड्यावर पिसें, लोकर व रेशमी धागा गुंडाळून खोटी माशी करावयाची, ती लवचिक काठीनें व जड दोरीनें दूरवर पाण्यावर फेंकावयाची, आणि तिला भुललेला ट्राउट मासा ओढून घ्यावयाचा, असा हा खेळ आहे. क्लबाची दर महिन्यास एक सहल निघते. आज हा जलाशय, पुढल्या महिन्यांत तो. मे महिन्यांतल्या अशा एका सहलीचें निमंत्रण देतांना डॉक्टर म्हणाले, "प्रोफेसर, मनांत कांहीं किंतु आणूं नका. आम्ही मासा मारीत नाहीं. धरतों आणि सोडून देतों. हा अहिंसक खेळ आहे." आमचा जन्म कोंकणांतला, आणि सोमवार व चतुर्थी सोडल्यास ताटांत मासा नसेल तर जेवण अळणी मानणाऱ्यांपैकीं आम्ही, तेव्हां किंतु असण्याचें कारणच नव्हतें. किंतु उत्पन्न झाला तो ह्या आश्वासनानेंच.

प्रथम ह्या खेळाच्या पदरीं जें पुण्य आहे तें मोजून टाकूं, म्हणजे आमच्यावर एकांगीपणाचा आरोप येणार नाहीं. इंग्लंडांत ट्राउट धरणें हा फार काळ जमीनदार वर्गाचा छंद होता. हॅम्पशायरमधील टेस्ट, इचेन ह्यांसारख्या निर्मळ नद्यांचे कांठ बहुतेक खासगी मालकीचे; तेथें साध्या मनुष्यानें काठी घेऊन उभें राहणें त्याच्या खिशास परवडत नाहीं. शहरांना पाणी पुरविण्यासाठीं धरणें झालीं तेव्हां ही स्थिति पालटली. ब्रिस्टल शहराला पाणी पुरविणाऱ्या कंपनीनें बांधलेल्या ब्लॅगडन तलावावर १९०४ सालीं मासेमारी सुरू झाली. चू व्हॅलीचा तलाव १९५६ सालीं खुला झाला, ग्राफमचा १९६६ सालीं, आणि रटलंडचा सुमारें ३,१०० एकरांचा जलाशय त्यापुढील दशकांत भरला. एका दिवसाचें तिकीट काढावें आणि शाळामास्तर, कारकून, मोटार हांकणारा, कोणींही तेथें उभें राहावें, असें झालें. गांवोगांवच्या क्लबांच्या सहलींना खरा बहर आला तो ह्यामुळेंच. एका वर्गाची मिरासदारी मोडली हें पहिलें पुण्य.

दुसरें पुण्य ह्याहूनही मोठें आहे. १९४८ सालीं जॉन ईस्टवुड नांवाच्या बॅरिस्टरानें गळ टाकणाऱ्यांची एक संस्था काढली आणि नद्या नासविणाऱ्यांस कोर्टांत खेंचण्याचा सपाटा लावला. डर्बी येथील एका क्लबानें एक बडा कारखाना, खुद्द शहराची नगरपालिका आणि वीज खातें अशा तिघांशीं दावा मांडला, आणि अपील कोर्टानेंही १९५३ च्या सुमारास निकाल क्लबाच्याच बाजूनें दिला. आपल्याकडे नद्यांना माता म्हणून ओंवाळणारे कोट्यवधि आहेत. त्यांच्यासाठीं कोर्टाची पायरी चढणारे किती, हें वाचकांनींच मोजावें. ह्या दोन्ही गोष्टींबद्दल त्या मंडळींस आमचा मनःपूर्वक नमस्कार असो. पण एका खात्यांतलें पुण्य दुसऱ्या खात्यांतल्या खोट्या नोंदीवर पांघरूण म्हणून वापरतां येत नाहीं.

आतां सहलीकडे वळूं. सकाळीं सभासद तलावाच्या कांठच्या कचेरीपाशीं जमले. वारा कोठून आहे, काल मासा कोणत्या बाजूस लागला, पाण्यांतून कोणते किडे वर येत आहेत, ह्यांची चर्चा चहाबरोबर झाली. मग जोड्या ठरल्या. एका होडींत दोघे. होडी वाऱ्याच्या वरच्या अंगास नेऊन आडवी सोडतात, आणि ती फार वेगानें वाहूं नये म्हणून छत्रीसारखें एक कापड पाण्यांत सोडून ठेवतात. होडी हळूहळू वाहत येते व आंतले दोघे पुढें दोरी फेंकीत राहतात. त्या दिवशीं तळाच्या चिखलांत वाढणाऱ्या चिलटांचे कोष वर येत होते, आणि डॉक्टरांच्या दोरीवर त्या कोषांच्या काळ्या, बारीक नकला होत्या. ही विद्या ब्लॅगडनच्या तीरावर दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत बेल नांवाच्या एका डॉक्टरानेंच वाढविली. माशाच्या पोटांत काय सांपडतें तें पाहून त्याची प्रतिकृति बांधावयाची ही त्याची रीत. विद्या खरोखर सूक्ष्म आहे. आमच्या स्नेह्यांचा हात तर असा हलका, कीं दोरी पाण्यावर पडल्याचा आवाजही होत नव्हता.

थोड्याच वेळांत काठी वांकली. मासा दोनदां पाण्याबाहेर उसळला. त्याच्या अंगावरील गुलाबी पट्टा उन्हांत चमकला. डॉक्टरांचें वय त्या क्षणीं वीस वर्षांनीं कमी झाल्यासारखें दिसलें. त्यांनीं त्याला जाळींत घेतलें, हात ओले करून आंकडा काढला, क्षणभर पाण्यांत सरळ धरलें आणि सोडून दिलें. "पाहिलेंत? गेला घरीं," ते म्हणाले. दुपारपर्यंत असे सहा घरीं गेले. सातवा मात्र फार वेळ झुंजला होता. सोडल्यावर तो थोडा खालीं गेला, मग कुशीवर झाला, आणि पांढरें पोट वर करून होडीमागें तरंगूं लागला. डॉक्टरांनीं होडी वळविली, त्याला दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ पाण्यांत सरळ धरून ठेवलें. सोडतांच तो पुन्हां उताणा झाला. तेवढ्यांत एक मोठा पांढरा समुद्रपक्षी खालीं उतरला आणि त्यानें प्रथम माशाचा डोळा टिपला. मासा अद्यापि हलत होता. "असें क्वचित् होतें," डॉक्टर म्हणाले. नंतर कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. मग दोरी पुन्हां पाण्यावर गेली.

संध्याकाळीं कचेरींत परतलों तों क्लबाचा सर्वांत वयस्क सभासद, रेल्वेंतून निवृत्त झालेला एक गृहस्थ, तेथें चहा पीत बसलेला आढळला. तो दुपारपासूनच बसला होता. त्यानें दोन माशांचें तिकीट काढलें होतें. दोन मासे लागतांच त्यानें दोघांच्याही डोक्यावर लहानसा सोटा मारून त्यांना जागच्या जागीं मारलें, टोपलींत ठेवलें आणि दोरी गुंडाळली. ह्या सोट्यास तेथें 'प्रीस्ट' म्हणजे धर्मगुरु म्हणतात. अंत्यविधि त्याच्या हातून होतो म्हणून. दिवस एवढा चांगला असतां आणखी मासे कां धरले नाहींत, असें आम्हीं त्यास विचारलें. तो म्हणाला, "घरीं खाणारे आम्ही दोघेच आहोंत." परत येतांना डॉक्टर त्याच्याविषयीं म्हणाले, "जुन्या वळणाचा आहे. अजून मारतो." ह्या उद्गारांत कींव होती, आणि त्या कींवेसाठींच हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों आहों. कारण त्या दिवशीं तलावावर जे दोन प्रकारचे लोक होते, त्यांपैकीं कींव करण्याजोगा कोण, ह्याविषयीं आमचें मत डॉक्टरांच्या अगदीं उलट आहे.

धरून सोडण्याच्या बाजूनें जीं प्रमाणें देण्यांत येतात तीं क्रमानें पाहूं. पहिलें असें, कीं माशाला वेदनाच होत नाहींत. त्याचा रक्ताशय थंड, मेंदू क्षुद्र. अमेरिकेंतील जेम्स रोझ ह्या प्राध्यापकानें २००२ सालीं हा पक्ष विद्वत्तेनें मांडला: मनुष्याच्या मेंदूचा जो थर वेदनेची जाणीव करून देतो तो माशास नाहींच. पुढच्याच वर्षीं लिन स्नेडन ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं रेनबो ट्राउटवरच प्रयोग करून त्याच्या तोंडावर व डोक्यावर इजा टिपणारे मज्जातंतु आहेत असें दाखविलें. ओंठांत दाहक द्रव्य टोंचल्यावर ते मासे अंग डोलवीत राहिले, कांहीं ओंठ खड्यांवर घांसूं लागले, आणि अन्नास बराच वेळ तोंड लावीनात. वाद अजून मिटलेला नाहीं, हें आम्ही मान्य करतों. पण तो मिटविण्यास आम्हांस प्रयोगशाळेंत जाण्याची गरज वाटत नाहीं. क्लबाची नियमावली पुरे आहे. आंकड्यास उलटें टोंक नसावें, जाळीस गांठी नसाव्या, हात ओले करून मग मासा धरावा, शक्य तोंवर त्याला पाण्याबाहेर काढूं नये. माशाला कांहींच वाटत नसेल तर हा सारा जपणूकीचा सोहळा कोणासाठीं? ज्यानें हे नियम केले त्यानें उत्तर देऊन टाकलें आहे. त्याला फक्त तें मोठ्यानें म्हणावयाचें नाहीं.

दुसरें प्रमाण असें, कीं सोडलेला मासा जगतो आणि त्याचा वंश वाढतो. नदींतल्या जंगली माशांविषयीं हें बोलणें यथार्थ आहे. सालमन मासा ब्रिटनच्या नद्यांतून झपाट्यानें घटत चालला आहे. तेथें धरलेला मासा सोडणें हें कर्तव्यच, किंबहुना तो मुळींच न धरणें हें त्याहून मोठें कर्तव्य. पण जलाशयांतला मासा कोण आहे? रेनबो ट्राउट हा ब्रिटनचा रहिवासीच नव्हे. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या ह्या माशाचीं अंडीं तेथें १८८० नंतरच्या दशकांत आलीं, आणि तेथील पाण्यांत तो अपवादानेंच प्रजा वाढवितो. त्याला हौदांत गोळ्या चारून वाढवितात आणि वजनावर विकत घेऊन तलावांत ओततात. नुकता सोडलेला मासा हौदाच्या भिंतीशीं घांसून झिजलेल्या शेपटीवरून ओळखूं येतो. कित्येक ठिकाणीं तर बीज फलित होतांच त्यास उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का देऊन तो वांझ केलेला असतो. अशा माशास सोडून वंशरक्षण केल्याचा डौल मिरविणें म्हणजे कसायाच्या दारचा बोकड उद्यांच्या गिऱ्हाइकासाठीं पुन्हां खुंटीस बांधून गोरक्षणाची वर्गणी भरल्याचें समाधान मानण्यासारखें आहे. खरें कारण साधें आहे. सोडलेला मासा पुन्हां दुसऱ्याच्या गळास लागतो, आणि तलाववाल्यास नवा मासा विकत घ्यावा लागत नाहीं. म्हणूनच कित्येक जलाशयांवर मासे सोडून देणाऱ्याचें तिकीट मासे घरीं नेणाऱ्याच्या तिकिटापेक्षां स्वस्त असतें. ज्या भूतदयेवर दुकानदार सूट देतो ती भूतदया ग्राहकानें एकदां तपासून घ्यावी.

तिसरें प्रमाण मनःशांतीचें. आयझॅक वॉल्टनचें 'द कंप्लीट अँगलर' हें पुस्तक १६५३ सालचें. कॉलेजांत इंग्रजी गद्य शिकवितांना आम्हीं त्याचीं पानें अनेकदां वाचून दाखविलीं आहेत, आणि त्यांतील पाण्याकांठचा निवांतपणा आम्हांस आजही मोह घालतो. (बायरन कवीनें 'डॉन जुआन'मध्यें वॉल्टनला क्रूर म्हणून झोडपलें आहे, हें आम्ही विद्यार्थ्यांना तासाच्या शेवटीं सांगत असूं.) परंतु वॉल्टन मासा धरतो आणि शिजवितो, त्याच्या पुस्तकांत माशांच्या पाककृति आहेत. शांति पाहिजे असेल तर ती होडी, तें पाणी, तो वारा तिकिटावांचूनही शांति देतात. आंकड्याचें टोंक मोडून दोरी फेंकली तर हाताचें कौशल्य तेंच राहतें. मग तसें कोणी कां करीत नाहीं? कारण दोरीच्या दुसऱ्या टोंकास कोणी तरी धडपडत असल्याशिवाय त्या शांतीस चव येत नाहीं.

येथें आम्ही मुद्द्याच्या गाभ्यापाशीं येतों. जलाशयावरील ह्या साऱ्या खेळांत खरें असें फार थोडें आहे. तळें मनुष्यानें केलेलें. मासा हौदांतला. माशी पिसांची, आणि अलीकडे तर भडक केशरी रंगाचे असे झुबके वापरतात, कीं त्यांच्यासारखा किडा ब्रह्मदेवानें कधीं निर्माण केला नाहीं. तळ्याच्या तळाशीं जें खरें होतें तेंही बुडालें आहे. रटलंडच्या पाण्यासाठीं नेदर हॅम्बल्टन हें खेडें पाडण्यांत आलें. डर्बीशायरांत लेडीबॉवरच्या धरणांत डरवेंट व अ‍ॅशप्टन हीं दोन गांवें गेलीं, आणि डरवेंटच्या देवळाचा पाण्यावर उरलेला मनोरा १९४७ सालीं सुरुंगानें उडविण्यांत आला. मुळशीचा १९२१ सालचा सत्याग्रह ज्यांच्या स्मरणांत आहे त्या महाराष्ट्रीय वाचकांस अशा पाण्याकडे पाहतांना काय वाटतें तें सांगावयास नको. ह्या सर्व बनावटीच्या मध्यभागीं एकच वस्तु अस्सल आहे: त्या जीवाची प्राण वांचविण्याची धडपड. तिकिटाचे पैसे तिच्यासाठीं आहेत. रेल्वेंतल्या म्हाताऱ्यास ती धडपड भोजनाच्या वाटेवरील एक अपरिहार्य गोष्ट होती. म्हणून त्यानें ती लवकर संपविली आणि दोनदांच होऊं दिली. डॉक्टरांस ती धडपड हेंच भोजन होतें.

कायद्यांनींही हा भेद ओळखला आहे. जर्मनींत कोणत्याही पृष्ठवंशी प्राण्यास वेदना देण्यास वाजवी कारण असावें लागतें. खाण्यासाठीं मासा धरणें हें कारण तेथें चालतें, केवळ सोडण्यासाठीं धरणें हें सामान्यतः चालत नाहीं. स्वित्झर्लंडनें सोडून देण्याच्याच हेतूनें मासे धरण्यास २००९ पासून बंदी केली आहे. इंग्लंडांत मात्र २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानें मासेमारीच्या नेहमींच्या व्यवहारास सरळ वगळून टाकलें, आणि २०२२ सालीं दुसऱ्या कायद्यानें मासे धरून साऱ्या पृष्ठवंशी प्राण्यांस संवेदना असल्याचें मान्य केलें. एका कायद्यानें कबूल करावें आणि दुसऱ्यानें कानाडोळा करावा, ही सोय फक्त इंग्रजांसच साधते असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

कारण 'अहिंसा' हा शब्द इंग्रजांचा नव्हे, आपला आहे. आणि त्याची जपणूक करण्याचें काम आपलें. जैन शास्त्रकारांनीं गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले आहेत: घरकामांत घडणारी आरंभी, उपजीविकेंत घडणारी उद्योगी, आत्मरक्षणांत घडणारी विरोधी, आणि जाणूनबुजून केलेली संकल्पी. पहिल्या तिन्ही गृहस्थास सर्वस्वीं टाळतां येत नाहींत. चौथी मात्र त्यानें टाळलीच पाहिजे, असा त्यांचा दंडक. आणि गांधीजींनीं १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत असह्य यातना भोगणाऱ्या वासरास इंजेक्शन देऊन मरण आणविलें, तेव्हां देशभर गहजब झाला. परंतु प्राण घेणें म्हणजेच हिंसा व न घेणें म्हणजेच अहिंसा, हा सोपा हिशेब त्यांनीं त्या प्रसंगीं कायमचा मोडून ठेवला. त्या तराजूंत सहा मासे दमवून सोडणारा आणि सातवा पक्ष्याच्या चोंचीखालीं सोडणारा हात घाला, आणि दुसऱ्या पारड्यांत दोन मासे एका फटक्यांत मारून घरीं नेणारा हात घाला. कांटा कोठें झुकतो तें आम्ही वाचकांवर सोंपवितों.

हा प्रश्न दूरदेशचा म्हणून कोणी बाजूस सारूं नये. उजनीच्या जलाशयावर पहांटे जाळें टाकणारा भोई आपल्या सुशिक्षित घरांत 'जीव मारणारा' असतो. त्याच्या बायकोच्या टोपलीचा वास जिन्यांत आला तर आपण नाकाला पदर लावतों. तोच मासा विलायती काठीनें धरून, त्याच्याबरोबर छायाचित्र काढून, सोडून देणारा आपला पुतण्या किंवा भाचा मात्र 'निसर्गप्रेमी' ठरतो. भोयाची हिंसा पोटासाठीं, प्रकट, आणि तिचें नांव त्यानें कधीं बदललें नाहीं. आपल्या भाच्याची हिंसा करमणुकीसाठीं, आणि तिला नांव आहे दयेचें. ह्या दोघांत आपण कोणास ओसरीवर बसवितों व कोणास दाराबाहेर उभें करतों, ह्यावरून आपल्या अहिंसेची जात कळते.

आम्ही कोणाचा खेळ बंद करूं इच्छीत नाहीं. आमची मागणी फार लहान आहे. पूर्वी तेथील अनेक जलाशयांवर असा नियमच असे, कीं ठरल्या मापाचा मासा लागला तर तो परत सोडावयाचा नाहीं, आणि ठरल्या संख्येनंतर थांबावयाचें. त्या नियमांत मर्यादा होती आणि खरेपणाही होता. किती प्राण घेतले हें मनुष्यास स्वतःच्या टोपलींत मोजतां येई. ज्यांस मासा खावयाचा आहे त्यांनीं तो धरावा, एका फटक्यांत मारावा, आणि थांबावें. ज्यांस खावयाचा नाहीं त्यांनीं त्या रम्य पाण्यावर होडींत बसून वारा खावा. ज्यांस ह्या दोहोंपैकीं कांहींच नको, केवळ झुंज हवी, त्यांनीं ती खुशाल खेळावी. पण तिला 'झुंज' म्हणावें.

हा लेख डॉक्टरांच्या वाचनांत येईल हें आम्हांस ठाऊक आहे. हें मासिक त्यांच्याकडे अजून टपालानें जातें. त्यांचें आमचें सख्य चाळीस वर्षांचें असल्यानें ते रागावणार नाहींत, असा भरंवसा आहे. त्यांना आमची एवढीच विनंति, कीं पुढील सहलीस त्यांनीं दोन माशांचें तिकीट काढावें, आणि ते दोन मासे घरीं आणावेत. वहिनी मालवणच्या आहेत. त्यांना ट्राउटचें तिखलें करतां येणार नाहीं असें आम्हांस वाटत नाहीं.